कलर ड्रेसच्या शनिवारचा फोटो

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. वय सोळा, पीयू कॉलेजचं पहिलं वर्ष, म्हणजे अकरावी. दसऱ्याच्या सुट्टीआधीचा शेवटचा शनिवार होता, प्रार्थना संपून मुली वर्गाकडे निघाल्या होत्या. उपप्राचार्यबाईंनी तिला रांगेतून बाजूला घेतलं, भिंतीशी उभं केलं, स्वतःच्या फोनवर तिचा डोक्यापासून पायापर्यंतचा फोटो काढला आणि पहिला तास सुरू व्हायच्या आत तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली इंग्रजीत दोन वाक्यं. अर्थ असा की कॉलेज म्हणजे फॅशन शो नव्हे, आणि ओठ रंगवून येणाऱ्या मुलींच्या आईवडिलांनी वेळीच लक्ष घालावं.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढे इतक्या जणांनी हात झटकले की सुरुवात कुणी केली तेच विसरायला होतं.

नियम तिने मोडला नव्हता. सुट्टीआधीचा शनिवार 'कलर ड्रेस'चा असतो, म्हणजे युनिफॉर्मची सक्ती नसते. सूचना एकच, कपडे सभ्य हवेत. तिने घातला होता तपकिरी कॉर्डरॉयचा घोट्यापर्यंतचा स्कर्ट, मोहरीच्या रंगाचं लोकरी कार्डिगन, गळ्याशी बंद कॉलर आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. मानेखाली हाताचे पंजे सोडले तर काही दिसत नव्हतं. ओठांवर लिप बाम होता, किंचित गुलाबी. गुन्हा एवढाच.

हा पोशाख फोनमधून आला होता, हे खरं. दूरच्या थंड देशांतल्या मुली ऑक्टोबर लागला की तपकिरी, मोहरी, विटकरी असले रंग घालून पानांच्या ढिगात उभ्या राहतात. बंगळूरला तशी पानगळ नाही. आमची झाडं आपापल्या सोयीने पानं गाळतात, सगळी मिळून कधीच नाही. पण ऑक्टोबरात इथे सकाळी अंगावर काटा येतो, दुपारी ऊन भाजतं आणि संध्याकाळी पाऊस येऊन सगळ्यांना घरात कोंबतो. त्या सकाळच्या काट्यापुरती तिने आपली पानगळ मांडली होती. कार्डिगन मल्लेश्वरमच्या एक्सपोर्ट सरप्लसच्या दुकानातलं, कुणा परदेशी बाईच्या मापाचं, बाह्या दुमडून घातलेलं. स्कर्ट अण्णांनी शिवला होता.

अण्णा म्हणजे आमचे वडील. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम चालतं. पूर्वज कधी या गावात आले ते कुणाला धड ठाऊक नाही, पण मराठी घरापुरतं टिकलं आणि बापाला अण्णा म्हणायचं इथलं वळण आमच्यात मुरलं. पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही.

"अण्णा, ते सफारीवाल्याचं कापड पडलंय ना, तपकिरी? तो काही परत येत नाही. त्याचा स्कर्ट करा."

"घेर केवढा?"

"मी फिरले की तोही फिरला पाहिजे."

"मग तू घरी बस. स्कर्टच फिरवून आणतो मी."

असं बोलत बोलत त्यांनी तो दोन संध्याकाळी बसून शिवला.

आणि लिप बाम. आठव्या क्रॉसला, म्हणजे आठव्या गल्लीत, एक फॅन्सी स्टोअर आहे. बांगड्या, क्लिपा, सेफ्टी पिना आणि एका काचेखाली स्वस्तातल्या लिप बामच्या डब्या. खाऊच्या पैशात बसणाऱ्या. तिच्या मैत्रिणींनी पद्धत ठरवली होती: प्रत्येकीने वेगळी डबी घ्यायची, आठवडाभर वापरायची, मग अदलाबदल. बोट घालायचं नाही, कान कोरायच्या काडीने काढून घ्यायचा. रात्री जेवताना मला तिचा निकाल ऐकावा लागे. "अक्का, चेरीवाली नुसतं मेण आहे, ओठावर बसतच नाही. कॉफीवाली सरी, चालेल अशी, पण जीभ लागली की कडू. गुलाबवाली लावली की ओठ ओठांसारखे वाटतात." जीभ लागायचीच. लहानपणापासून घाबरली की ती ओठ चाटते आणि ओठ फाटतात.

म्हणून ती औषध म्हणून लावत होती, असं मी म्हणणार नाही. तशी सुटका मला नको. तिला ते आवडत होतं. सोळा वर्षांच्या मुलीला गुलाबी आवडतं, एवढं कारण पुरेसं आहे.

त्या शनिवारी मी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत होते, एका कारखान्याच्या फाटकावर. बायकांच्या संडासाला कडी नाही, त्याबद्दलची आमच्या संघटनेची पत्रकं वाटत होते. पाळी सुटायच्या सुमारास फोन थरथरला. आईने फोटो पाठवला होता आणि स्वतः एक अक्षर लिहिलं नव्हतं. 'जेवलीस का' विचारल्याशिवाय आईचा मेसेज येत नाही. मी फोटो मोठा केला. धाकटी हसत होती. स्कर्टचा घेर दोन्ही हातांनी जरा पसरून धरला होता. तिला वाटलं होतं, बाईंना कपडे आवडले.

मग खालची वाक्यं वाचली.

राग नंतर आला. उरलेली पत्रकं मी कुणाच्या हातात दिली, आठवत नाही. मेट्रोत बसले तेव्हा समोरच्या प्रत्येक माणसाच्या हातात फोन होता आणि कुणी खाली बघून हसलं की मला वाटे, तोच फोटो. वेडेपणा होता, कळत होतं. तरी मी एका बाईच्या खांद्यावरून डोकावून पाहिलंच. तिच्या फोनवर कांद्याच्या भज्यांची कृती चालू होती.

घरी मशीन बंद होतं. शनिवारी दुपारी आमचं मशीन बंद मी कधी पाहिलं नव्हतं. शटर अर्धं खाली, अण्णा स्टुलावर, हातात कापड नाही. मागे बेसिनपाशी धाकटी टॉवेलने ओठ घासत होती. टॉवेलवर लाल डाग होते, ते बामचे नव्हते.

"पुरे गं," आई म्हणत होती. "निघालाय रंग. पुरे."

"रंग नव्हताच," धाकटी म्हणाली आणि घासत राहिली.

अण्णा आपणहून एवढंच म्हणाले. "सुट्टी संपू दे. मग बघू."

हे वाक्य आमच्या घरात काय करतं ते मला माहीत होतं. आत्याच्या मुलीबद्दल असंच 'मग बघू' म्हटलं गेलं होतं. ती कॉलेजला पुन्हा गेली नाही. आता तुमकूरला असते, कडेवर एक लेकरू, हाताला एक. कुणी ओरडलं नव्हतं, मारलं नव्हतं. नुसतं बघितलं होतं.

"अण्णा, चूक कॉलेजची आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय. त्या ग्रुपमधल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज मी शिवतो. त्या उद्या दुकानात येतील तेव्हा कुठे बघू, सांग. तुझं पत्रक फाटकावर वाट. इथे नको."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. ते घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाशी कसं भांडायचं हे आम्हाला कुठल्याच बैठकीत शिकवलेलं नाही.

नवरात्रात आमच्याकडे बाहुल्या मांडतात, इथल्या घरांसारख्याच पायऱ्यांवर. शेजारणी रोज संध्याकाळी बघायला येत. धाकटी आतल्या खोलीत. "डोकं दुखतंय तिचं," आई सांगायची. रोज तेच डोकं. तिचा फोन आईने तांदळाच्या डब्यावर उपडा ठेवला होता आणि तो वाजला की आम्ही तिघी बोलता बोलता थांबायचो. एकदा नुसता डेटा संपल्याचा मेसेज होता. तरी आईने हात पदराला पुसले, मगच बघितला.

"अक्का," धाकटी एका दुपारी म्हणाली, "त्यात मी हसतेय."

"मग?"

"खालचं वाचून माझ्याकडे बघितलं तर वाटेल, मी मुद्दाम हसतेय. मला लाज नाही म्हणून."

मी फोटो पुन्हा मोठा करून पाहिला.

मग फोटोला पाय फुटले. कसे, ते मी नंतर एकेकीला फोन करून शोधलं. आईच्या मावसबहिणीने तो समाजाच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला, 'आपापल्या मुलींना जपा' म्हणून. तिथून कुणीतरी नुसता फोटो उचलला, वाक्यं मागे राहिली. आणि नुसता फोटो कुणीतरी वधू-वर ग्रुपवर ठेवला. मी विचारलं तर प्रत्येकीचं उत्तर एकच: मी फक्त पुढे पाठवला. यात दगड फेकणारं कुणी नाही, सगळ्या फक्त पुढे पाठवणाऱ्या.

समाजातल्या एका बाईंचा आईला फोन आला तेव्हा ती कणीक मळत होती, म्हणून स्पीकरवर टाकला.

"वहिनी, फोटो बघितला हो मुलीचा. आमच्या पुतण्यासाठी मनात भरली. अंगभर कपडे, चेहरा कसा हसरा. आजकाल कुठे मिळतात अशा?"

"कुठला फोटो?" आई म्हणाली.

"तोच की, तपकिरी परकरातला."

आईने माझ्याकडे पाहिलं. ज्या फोटोवरून ती निर्लज्ज ठरली, त्याच फोटोवरून ती सोज्वळ ठरली होती. एरवी मी हसून लोळले असते.

"ती सोळाची आहे," आई म्हणाली.

"असू दे हो, लग्न आत्ता कोण करतंय? स्वल्प बोलून ठेवू. अठरा झाली की बार उडवू. मुलगा महादेवपुऱ्याला कंपनीत आहे. आयुधपूजेला येतो, प्रसादाला म्हणून."

अण्णा दारात उभे होते. मी वाट पाहिली, ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "येऊ देत."

"अण्णा, सोळा वर्षांच्या मुलीची बोलणी करता?"

"फोटो आणखी फिरला तर उद्या कोण येईल? आज येताहेत." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "तुला कळत नाही. मलाही कळत नाही. पण दार बंद व्हायच्या आत..."

त्या रात्रीपासून मला दुसरं काही सुचेना. आत्याच्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना. धाकटीला केमिस्ट्री आवडते. आवडते म्हणजे बाममध्ये मेण किती नि तेल किती असेल याचा अंदाज बांधत बसण्याइतकी. तिची ती केमिस्ट्रीची वही, ते कॉलेज, ती काडीने बाम काढणारी पोरं, हे सगळं एका प्रसादाच्या वाटीत जाणार होतं.

आयुधपूजेला आमची मशीनं धुऊन पुसून हळदीकुंकवाने भरतात. कात्र्या, टेप, इस्त्री, सगळं मशीनवर मांडून झेंडूची माळ. त्या दिवशी हत्यार विसावतं, त्याला हात लावायचा नाही. बाहेर रस्त्यावर दृष्ट काढून फोडलेले कोहळे, कुंकवाचा चिखल. आईने धाकटीला स्वतःची साडी नेसवली.

"अक्का, ओठ फाटलेत," ती मला हळूच म्हणाली. "काही लावू का? की नको?"

"तूप लाव," आई म्हणाली.

"तूप चमकतं."

तिने काहीच लावलं नाही. फाटलेले ओठ मिटून ती बाहेर गेली.

पाहुणे दोघंच, मुलाची काकू आणि काका. काकू बोलायला गोड. तिने चुरमुरे घेतले, बाहुल्यांचं कौतुक केलं, धाकटीला जवळ बसवून तिची हनुवटी वर केली. "ओठ का गं असे? पाणी कमी पितेस."

मी म्हटलं, "तिला विचारलंत का, तिला काय हवंय?"

"ही थोरली ना? पत्रकं वाटते ती?" काकू आईकडे बघून हसली. "बरं झालं बाई, आम्ही धाकटीला बघायला आलो." मग अण्णांकडे वळून, "शिक्षण बंद करा म्हणत नाही आम्ही. परीक्षा काय, घरूनही देता येते. रोज त्या कॉलेजात कशाला पाठवायची."

अण्णा मान खाली घालून ऐकत होते.

"मग मापाचा ब्लाऊज द्या एक," काकू म्हणाली. "साडी घेऊन ठेवलीय. नाहीतर असं करा अण्णा, तुम्हीच शिवा की. घरातच शिंपी असताना बाहेर कशाला द्यायचं."

आमच्यात याला साखरपुडा कुणी म्हणत नाही. पण मुलीचं माप त्या घरी गेलं की बोलणं पक्कं, मागे कुणी फिरत नाही. आणि शिंप्याच्या घरात तर माप घेतलं म्हणजे काम घेतलं. अण्णांनी टेप लावून परत केलेलं गिऱ्हाईक मला आठवत नाही.

आई ब्लाऊज आणायला उठली होती. धाकटी ओठ चाटत होती. मी आठवडाभर वाक्यं घोकली होती, कायद्याची, हक्काची, सगळी. फाटकावर पोलीस असताना मी बोललेली आहे. तिथे एक शब्द निघाला नाही. मला वाटलं, झालं, इथे संपलं.

"आज टेप उचलत नाही," अण्णा म्हणाले.

"हो हो, पूजा आहे. जुना द्या ना ब्लाऊज."

"जुना तिला होत नाही."

आई अर्ध्या वाटेत थांबली.

"गेल्या वर्षीचं काहीच होत नाही तिला," अण्णा चाचरत म्हणाले, मशीनकडे बघत. "दर सहा महिन्यांनी उसवावं लागतं. वाढत्या अंगाचं माप मी देत नाही. शिवलेलं फुकट जातं."

"दाब सोडा की जरा शिवणीत, पुढे उसवायला," काकू हसली. "मी का तुम्हाला शिकवू?"

"सोडतो. युनिफॉर्मला सोडतो." त्यांनी घाम पुसला. "ह्याला नाही सोडत."

"मग कधी येऊ?"

"तिची वाढ झाली की. तेव्हा तिलाच विचारा."

काकांनी पेला खाली ठेवला. कुणी भांडलं नाही. प्रसाद पिशवीत घेतला, चपला घातल्या. पायरी उतरताना काकू थांबली आणि तितक्याच गोड आवाजात म्हणाली, "अण्णा, फोटो आम्हीच नाही पाहिला हं. सगळ्यांनी पाहिलाय. खालचं लिहिलेलंही."

म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असूनच ती आली होती. घाबरलेलं घर स्वस्तात मिळतं, हे तिला ठाऊक होतं.

दार लागल्यावर अण्णांनी कडी पुन्हा तपासली. शूर-बिर काही झाले नाहीत ते. मला म्हणाले, "सोमवारी कॉलेजला जाऊ तिघं. तू बोल. मी नुसता उभा राहीन."

तसंच झालं. मी बोलले, ते उभे राहिले, धाकटी आमच्या मधोमध. उपप्राचार्यबाई म्हणाल्या, "मी नाव कुठे लिहिलं होतं?" मी म्हटलं, चेहरा होता. त्या म्हणाल्या, "मुलींच्या भल्यासाठीच होतं." मी म्हटलं, लेखी द्या तसं. तेव्हा त्यांनी आमच्यासमोर फोन काढून तो फोटो ग्रुपवरून पुसला आणि म्हणाल्या, "झालं? आता माझ्याकडे नाही." खरंच नव्हता. आता तो बाकी सगळ्यांकडे होता.

धाकटी वर्गात गेली. ती अजून कॉलेजात आहे. हे मी मोठ्याने सांगते, कारण तेवढंच आम्ही वाचवलं. बाकीचं चालू आहे. कलर ड्रेसच्या दिवशी ती युनिफॉर्म घालून जाते. मैत्रिणींनी नवी डबी पुढे केली तर हात मागे घेते. रस्त्यात कुणी फोन वर धरला, कावळ्याचा फोटो काढायला का होईना, ती तोंड भिंतीकडे करते. गेल्या आठवड्यात हुबळीहून फोन आला. मुलगी छान आहे म्हणाले, उंची किती? आईने फोन बंद करून तांदळाच्या डब्यावर उपडा ठेवला.

तो फोटो कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे, मला माहीत नाही. म्हणून मला भीती वाटते, दिवसाढवळ्या, दर वेळी फोन वाजला की.

आता तुम्ही. हे वाचणारे तुम्ही सगळे कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर आहात. तिथे कधीतरी कुणाच्या तरी मुलीचा फोटो आलेला आहे, शिकवण म्हणून, इशारा म्हणून, किंवा स्थळ म्हणून. तुम्ही तो पाहिलात आणि ठेवलात. पुढे पाठवला नाही म्हणून स्वतःला निर्दोष समजू नका. फोन हातातच आहे, तो फोटो शोधा आणि पुसा. मग त्याच ग्रुपवर, स्वतःच्या नावाने, सगळ्यांना दिसेल असं लिहा: ही मुलगी आपली परवानगी न देता इथे आली आहे, मी तिचा फोटो पुसला, तुम्हीही पुसा. उद्या नाही. हे पान मिटायच्या आधी लिहा.